कापलेल्या कडा

अब्बा,

मी सरांना भेटायला धुळ्याला जाते आहे, संध्याकाळच्या बसने परत येईन. कळण्याच्या भाकरी टोपलीत आहेत. बीपीची गोळी जेवल्यावरच घ्या.

काल माझा प्रबंध तुम्ही बाइंड करून हातात ठेवलात आणि मी काही न बोलता आत निघून गेले, ते मनाला लावून घेऊ नका. दुकानातल्या सवयीने तुम्ही तिन्ही कडा मशीनवर कापल्यात, आणि सरांनी समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या त्या पट्ट्यांबरोबर गेल्या. चूक माझीच. तुम्ही रोज "झाला का गं?" विचारायचात, म्हणून कंटाळून एकदा हो म्हणाले होते. तो कच्चा खर्डा होता.

सकाळी सरांना फोनवर सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, "ये, पुन्हा बसू. निम्म्या दुरुस्त्या मलाच आठवणार नाहीत, तेवढं तुझं काम कमी." महिनाअखेरची मुदत गाठता येईल. तेव्हा दुकानात पट्ट्या जुळवत बसू नका.

ही प्रत मी बरोबर नेते आहे. पाच वर्षं नुसता सुट्या कागदांचा ढीग होता, काल पहिल्यांदा त्याचं पुस्तक झालं.

फक्त पाठीवर तुम्ही सोनेरी अक्षरांत 'डॉ. मिसबाह' छापलंय, त्यातलं 'डॉ.' मी झाकलंय. कापलेल्या पट्ट्यांतलीच एक चिकटवली आहे, खळ अगदी पातळ लावून. तोंडी परीक्षा झाली की ती तुम्ही तुमच्या हातानं काढायची.

मिसबाह