भाच्याची गाडी

९ नोव्हेंबर
सकाळपासून तीन रोटाव्हेटर. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली की शेलूबाजारच्या सगळ्या ट्रॅक्टरायले एकदमच रोग येते. दुकानातून तीनले सुटलो. घरामागच्या टिनाच्या शेडात पोरगी आशू आधीच बसेल होती, लालीचं, आमच्या लाल कारचं, इंजिनाचं हेड मांडीवर घेऊन. इंजिनात हवा शिरते ती चार भोकं आतून घासून मोठी, गुळगुळीत करायची आहेत. तीन झाली. बोट फिरवून पाह्यलं, काचच.
अकोल्याच्या भंगारातून लालीले आणलं त्याले या महिन्यात दोन वर्षं होतात. समोरून चेंदामेंदा, सोळाशे सीसीचं इंजिन मात्र शाबूत. पोरगी तेव्हा आयटीआयमधून नुकतीच मोटर मेकॅनिक होऊन आलेली. म्हणे, बाबा, हिले मातीच्या शर्यतीत पळवू, मी चालवीन. मी हसलो होतो. आता जानेवारीत नागपूरकडं शर्यत आहे, आन् मले झोपेतही लालीच दिसते.
सु. शेडाच्या दारात आली. "आवो, रविवारी रिसोडचे पाहुणे येऊन राह्यले पोरीले पाह्याले. तिची नखं पाहा जरा!"
काळी. कायमची काळी. आशू म्हणे, "आई, पोराचीही पाहू मंग."
लय हसलो तिघं.

१२ नोव्हेंबर
लिहू का नको.
काल सु.नं तिच्या हातावर गच्च मेंदी काढली, नखं झाकाले. मी ताडपत्री टाकून लाली झाकली. तिनं पाह्यलं.
पाहुणे पाच. पोरगा बँकेत, चांगला वाटला. चहा झाल्यावर त्याचे वडील, भास्करराव, हात धुवाले मागच्या नळावर आले. ताडपत्री वाऱ्यानं सरकेल. लाल दार, खालून जाड सायलेन्सर.
"हे कोनाचं काम?"
मी पटकन बोलून गेलो. "माह्या भाच्याचं, गजूचं. त्याले लय नाद."
गजू कारंज्यात विम्याचे हप्ते गोळा करते. त्याले जॅकही लावता येत नाई.
ते म्हणे, "पोरीलेही येते का काही?"
आन् मी, बह्याड, हसलो वरून. म्हटलं, "नाई हो! तिले स्टेपनी आन् स्टेअरिंग यातला फरक नाई समजत."
मागं आशू उभी. हातात टॉवेल, भास्कररावासाठी आणेल.

१३ नोव्हेंबर
रिसोडहून होकार आला. सु.नं साखर वाटली. आशूनं खाल्ली नाई. म्हणे, नाई करायचं.
भडकलो. "काय कमी आहे पोरात?"
"पोरात काही नाई कमी."
"मंग? मी एवढंसं काही बोललो म्हणून? आवं, लोकं असेच असतात. पाना घेऊन सासरी जाशीन काय?"
तिनं माह्याकडं पाह्यलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणे, "दोन वर्षं झाले बाबा. शेजारच्याले, दुकानातल्या गिऱ्हाइकाले, साऱ्यायले तुमी सांगत होते, माह्या पोरीनं इंजिन बांधलं. एक मोठा माणूस दारात आला तं माहं नाव घ्याची लाज वाटली?"
लाज नव्हती वाटली, म्हणालो मी. चांगलं ठिकाण हातचं जाईन म्हणून भेव वाटलं, इतकंच.
"तेच ते," म्हणे. भांडी घासाले गेली.

१९ नोव्हेंबर
आशू पुण्याले गेली. आयटीआयमधली मैत्रीण तिथल्या एका गॅरेजात आहे, तिच्यासोबत राहीन म्हणे. सु. रडली, मग डबा केला, मग पुन्हा रडली.
मी ट्रॅव्हल्सच्या बसपर्यंत गेलो नाई. एका ट्रॅक्टरखाली निजून काम करत होतो. कामच नव्हतं तिथं. चेसिसकडं पाहत पडलो होतो. गाडी रस्त्यावरून गेली ते हॉर्नवरून समजलं.

२२ नोव्हेंबर
शेड उघडलं. सगळं जागच्या जागी. नट डब्यायमध्ये, डब्यायवर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या. हेड फडक्यात गुंडाळेल. चौथं भोक तसंच खडबडीत.
तिचा टॉर्क पाना टेबलावर. ठरलेल्या जोरावर आला की टक् वाजते तो. शिष्यवृत्तीतून घेतला होता तिनं, कोनाले हात लावू देत नव्हती. तो नेला नाई.
म्हणजे काय समजू मी?

२ डिसेंबर
ठरलं. लाली मी उभी करतो. जानेवारीच्या शर्यतीत नेतो, तिले फोन करतो, म्हणतो ये, तुही गाडी तयार आहे. येईन मंग. कशी नाई येत?
सु. म्हणे, "तुमी आधी माफी मागा." म्हटलं, गाडीच माफी आहे.
"गाडीले तोंड आहे काय?" म्हणे.
चौथं भोक चार दिवस घासलं. तिच्या तीनसारखं नाई जमलं. बोटाले समजते.

११ डिसेंबर
हेड बसवलं. टेबलावर टॉर्क पाना होता. पाह्यलंही मी त्याच्याकडं. पण तीस वर्षं ट्रॅक्टरचे हेड आवळले, बीडाच्या लोखंडाचे, खांद्याचा जोर लावून, शेवटी एक हिसका. कधी असा पाना लागला नाई. मले काय शिकवते तो टक् टक्?
सातव्या बोल्टाले हिसका दिला. मऊ पडला. हातात गरगर फिरला.
ॲल्युमिनियमचा ब्लॉक. ॲल्युमिनियमचा! ती दहादा बोलली होती, बाबा, हे ट्रॅक्टर नाई, हिले हळू हात लावा. आटे पुरे बाहेर आले, बोल्टाले चिकटून, चांदीच्या तारेसारखे.
तिथंच खाली बसलो. लय रडलो. बाप गेला त्या वक्तीही एवढा नव्हतो रडलो. सु.नं येऊन पाह्यलं, पाणी ठेवलं, गेली.

१२ डिसेंबर
फोन ती घेत नाई. दुपारी फोटो काढून पाठवला, भोकाचा आन् बोल्टाचा. खाली काही लिहिलं नाई. काय लिहू?
तासाभरानं उत्तर आलं.
"आटे नवे पाडून आत तारेची स्प्रिंग बसते. अकोल्यात मिळते. दहा एमएमची. भोक सरळ पाडा. घाई करू नका."
"बाबा" नाई कुठं. तरी वीसदा वाचलं. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाले वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, यात हसासारखं काय हाय?

१८ डिसेंबर
स्प्रिंग बसली. हेड तिच्या पान्यानं आवळलं. दहा बोल्ट, दहा टक्. फोटो पाठवला. "बरोबर," म्हणे. एक शब्द.
आता सगळं ठीक चाललं तर तिले विचारू तरी काय?

२१ डिसेंबर
लिहून टाकतो, इथं तरी खरं.
काही बिघडलं नव्हतं. मी लिहिलं, तेल गळून राह्यलं. तिनं लिहिलं, कुठून? सात निरोप झाले. शेवटी मी म्हटलं, सापडलं, नट ढिला होता.
सातही निरोप पाठ आहेत मले.

२७ डिसेंबर
काल सेल्फ घेत नाई म्हटलं. आज पंखा फिरत नाई. ती गॅरेजात काम करता करता उत्तर देते. आज आवाजातला निरोप पाठवला तिनं, अकरा सेकंदाचा, मागं घणाचा आवाज. "फ्यूज पाहा, डावीकडून तिसरा." सु.ले ऐकवला. सु. म्हणे, गळा बसला आहे पोरीचा, थंडी असन तिकडं.

३० डिसेंबर
धरला गेलो.
करंटच येत नाई म्हणून लिहिलं. तिनं फोटो मागितला. वायर काढून फोटो दिला.
थोड्या वेळानं: "क्लिपवर पकडीचे दात उमटेल आहेत. तुमी ओढून काढली. तेलही गळत नव्हतं ना?"
तीनदा लिहिलं, पुसलं.
मग: "तुमाले खोटं बोलल्याशिवाय माह्याशी बोलताच येत नाई काय?"
त्यानंतर काही नाई. मी पाच निरोप टाकले. माफ कर बेटा, असंही टाकलं. पाह्यलं तिनं. उत्तर नाई.
सु.ले सांगतलं सगळं. वाटलं चिडन. म्हणे, "कसे हो तुमी," आन् पदर डोळ्याले लावला.

६ जानेवारी
शिरपूर जैनले लग्न होतं, दुकानाच्या गिऱ्हाइकाचं. पंगतीत समोर भास्करराव बसेल. रिसोडचे तेच. पोराचं जमलं म्हणे दुसरीकडं.
जेवण झाल्यावर हात धरला त्यायचा, बाजूले नेलं. म्हटलं, "तुमच्याशी खोटं बोललो होतो मी. ती गाडी भाच्याची नाई. माह्या पोरीनं बांधली. इंजिन तिनं खोललं, तिनंच जोडलं. मी नुसता पाने देत होतो."
भास्करराव माह्याकडं पाहत राह्यले. म्हणे, "कोनती गाडी?"
"मागं उभी होती. लाल. ताडपत्रीखाली."
"असन बा," म्हणे. "मले काही आठोत नाई." मग विड्याचं पान शोधाले गेले.


९ जानेवारी
लाली सुरू झाली. दुपारी, पयल्याच हातात. आवाज असा की टिन थरथरलं, गल्लीतले लोक जमले. कोनी पेढे मागतले. मी गाडी बंद केली आन् शेडाचं दार लावून घेतलं.

१४ जानेवारी
संक्रांत. आशू आली. सु.नं बोलावलं म्हणून आली, दिवसभरापुरती. दारात मी होतो, वाकून पाया पडली, आत गेली. वाळली आहे. हातावर भाजल्याचा डाग नवा.
जेवण झाल्यावर स्वतःच शेडात गेली. मी मागं गेलो, पण उंबरठ्यापाशीच थांबलो. तिनं लाली सुरू केली, कान लावला, बंद केली. म्हणे, "हेड काढा लागन. चौथं बरोबर श्वास घेत नाई."
पाच तास. माहं सगळं काम तिनं एक एक बोल्ट उलटं केलं. माह्यावर चिडली नाई, हसली नाई. "बारा नंबर." दिला. "फडकं." दिलं. चौथं भोक पुन्हा घासलं. मी उजेड धरला. तिच्या नाकावर ग्रीस लागलं, पुसू वाटलं, नाई पुसलं.
शेवटचा बोल्ट टक् वाजला तेव्हा मी म्हटलं, "भास्कररावाले सांगतलं मी. खरं सांगतलं. तू बांधली म्हणून."
हात थांबले तिचे. "काय म्हणे मंग?"
इथं खोटं बोलता आलं असतं. वा म्हणे, शाबास म्हणे, असं. तोंडावर आलंही होतं.
"त्याले गाडी आठोतच नाई," म्हटलं.
ती हसली आधी. मग हसू गेलं. म्हणे, "म्हणजे त्यायले काहीच पडलं नव्हतं. त्यायनं काही म्हटलंच नसतं, बाबा. लाज फकत तुमालेच होती."
बाबा म्हणाली. दोन महिन्यानं. आन् कशासोबत म्हणाली.
मी म्हणाले पायजे होतं, होय. खरंय. होती लाज, आन् त्या लाजेचीच आता मले लाज वाटते. हे आता लिहिता येऊन राह्यलं. तेव्हा मी पाने डब्यात लावत राह्यलो. ती वाट पाहत होती, मले दिसत होतं. मग तिनं हात पुसले.
बसची वेळ झाली. या वक्ती ट्रॅव्हल्सपर्यंत गेलो. तिची पिशवी धरली. विचारलं, शर्यतीले येशीन काय. म्हणे, "सुट्टी नाई." खिडकीतून आईले हात केला. मलेही केला बहुतेक. काच काळी होती.

१७ जानेवारी
उद्या सकाळी लाली ट्रॉलीवर चढवून नेतो. सु. म्हणे, चालवणारीच नाई तं कायले नेता? नेतो.
अर्जात चालकाची जागा कोरी सोडली आहे. शर्यतवाले म्हणतात, शर्यत सुटेपर्यंत नाव देता येते.
आशूले निरोप टाकला, या वक्ती बिघाडाचा नाई. त्या दिवशी जे म्हणता नाई आलं ते लिहिलं, जसं आलं तसं, चार ओळी. तिनं पाह्यलं अजून नाई.
तिथं लोकं विचारतीन, गाडी कोनाची. ती ऐकाले नसली तरी सांगतो.