‘टॉनिक’ हा शेरा खोडण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
कामगार दवाखाना, जबलपूर

विषय : कु. नेहा (वय ५) हिच्या चिठ्ठीवरील ‘टॉनिक, देय नाही’ हा शेरा खोडून गोळ्या मिळण्याबाबत.
संदर्भ : हिंदीतले तीन अर्ज. तिन्ही परत.

महोदया,

आपण नागपूरकडच्या आहात असे कळले, म्हणून चौथा अर्ज मायबोलीत.

१. अर्जदार अश्वजीत मेश्राम हा संरक्षण कारखान्यात फिटर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यास समजावले ते असे : अन्नातले ब-२ जीवनसत्त्व पेशीत नेणारे एक प्रथिन असते. अर्जदाराच्या दोन्ही मुलींत ते जन्मतः बिघडलेले. माल गेटवर येतो, आत घेणारा जागेवर नाही. म्हणून गोळ्या भरमसाट द्याव्या लागतात, त्याही जन्मभर. नाहीतर आधी कान जातात, मग हातपाय, शेवटी श्वास. ही ताकदीची गोळी नव्हे.

२. थोरली अवंती या गोळ्यांनी पुन्हा चालू लागली होती. मग आपल्या खिडकीवरून तिच्या चिठ्ठीवर ‘टॉनिक’ असा शेरा आला. घरी डबी अर्धी शिल्लक होती. पोरीची लघवी हळदीसारखी पिवळी होत होती. अर्जदाराने डोके चालवले, की टॉनिकच आहे तर उष्ण पडून राहिले असेल. त्याने गोळी बंद केली आणि त्याऐवजी पनागरच्या बाजारातून पालकाच्या जुड्या आणल्या. पत्नी हर्षा नको नको म्हणत होती. तिचे ऐकले नाही.

३. महिन्याभरात अवंती विचारू लागली, “बाबा, तुम्ही इतके हळू काहून बोलून राहिले?” अर्जदार तेव्हा ओरडून बोलत होता. २३ ऑगस्टला तिचा श्वास थांबला. वय आठ.

४. आता खिडकीवरचे भैया नेहाच्या चिठ्ठीवरही तोच शेरा मारून सांगतात : “पालक खिलाओ, सब ठीक हो जाएगा.” अर्जदाराच्या घरी आता पालक शिजत नाही.

५. शेरा लिहिणाऱ्यावर कारवाई नको. त्याने नुसता शब्द लिहिला, खरा मानला तो अर्जदाराने. अर्जदार म्हणजे मीच, बाई. तो एक शब्द तेवढा खोडा.

आपला नम्र, आणि पोरीचा अपराधी,
अश्वजीत मेश्राम
जबलपूर, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. दोन्ही मुलींचे जनुकीय तपासणी अहवाल.
२. कु. अवंतीचा मृत्यूचा दाखला.
३. अवंतीच्या उरलेल्या गोळ्या पुरावा म्हणून जोडायच्या होत्या. जोडलेल्या नाहीत. त्या नेहा घेत आहे. रोज तीन लागतात. नऊ उरल्या आहेत.