शेड झाकायला कोणती वेल

१४ जून १९६८, धुळे
नशिराबादहून जावयांचं कार्ड. शालूला चौथा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे, त्यात कळवायचं काय एवढं? पण खाली शालूने आईसाठी दोन ओळी घातल्यात. 'परसातली शेड पाडली तरच येईन. नाहीतर इथेच होईल ते होईल.' मला एक अक्षर नाही.
कार्ड फाडलं. सौ.ने तुकडे वेचून मिसळणाच्या डब्यात ठेवले.
शेड पाडणार नाही. तेरा पत्रे, एकेक खिळा मी ठोकलेला. कुदळ, फावडं, झाऱ्या, कुंड्या काय डोक्यावर घेऊन फिरू?

१६ जून
सौ. दोन दिवस बोलत नाही. भाकरी ताटात आपटते. शेवटी मीच तोडगा काढला, शेडवर वेल चढवायची. दाट. शालूला आणेपर्यंत पत्रा दिसता कामा नये. दिसलं नाही म्हणजे विषय मिटला.
सौ. रागावली की शिंदखेड्याची बोली निघते. "झाकीसन काय व्हई? पोर काय आंधयी शे का?"
तांब्या फेकला. तिला लागला नाही. भिंतीचा पोपडा गेला.

१९ जून
नर्सरीत गेलो. बोगनवेल घेणार होतो. काटे असले की कोणी हात लावत नाही, मला ती शिस्त आवडते. सौ. म्हणाली, घरात रांगतं पोर येणार आणि काटे लावता? मग मधुमालती. नर्सरीवाला म्हातारा हसला. "मास्तर, तिला दोन पावसाळे लागतील. दसऱ्यापर्यंत झाकायची तर गिलकं लावा, नाहीतर गारवेल."
ड्रिल मास्तरच्या परसात गिलकी? लोक म्हणतील पेन्शन पुरत नाही. गारवेलीच्या कांड्या आणल्या.

२० जून
आठ कांड्या लावल्या, एका ओळीत, हातभर अंतराने. शेजारचा गोविंदा कुंपणावरून बघत होता. "मास्तर, हाई वेल बठ्ठं घर खाई टाकी."
म्हटलं, तुझ्या बकऱ्यांनी ठेवली तर सगळं घर खाईल. माणूस बरा आहे, पण तोंडाला कुलूप नाही.

२ जुलै
पाऊस दडी मारून बसलाय. वेलीचे शेंडे पत्र्याला टेकले की दुपारी करपतात. चार दिवस हेच. आज खात्री करायला तळवा टेकवला. मोजून पाच अंक म्हणालो. फोड आला.
आणि हा जुलै. तेव्हा मे होता.
लिहूनच टाकतो, वही माझीच आहे. चार वर्षांपूर्वी शालूच्या दप्तरात एका मुलाचं पत्र सापडलं. मी तिला शेडमध्ये घातलं, बाहेरून कडी लावली. सकाळी दहा ते दुपारी चार. सौ. पाणी घेऊन दाराशी बसली होती, तिला उचलून घरात नेलं. चारला दार उघडलं तेव्हा माफी माग म्हटलं. मागितली नाही. एक ठेवून दिली. पडली. एवढंच. पुढल्या वर्षी लग्न केलं, चांगल्या घरी दिली.
गारवेल उपटली. सगळ्या आठ. बुटाने चिरडली, हिरवा चोथा होईपर्यंत. राग कशाचा होता, वेलीचा नव्हता.

५ जुलै
गिलकंच. सौ.च्या माहेरचं बी. तुरीच्या काठ्या आणि सुतळीचा मांडव शेडपासून वीतभर लांब उभा केला, म्हणजे वेल पत्र्याला शिवणार नाही. वेलीला जपायची अक्कल आली म्हणायची.
बी सौ.ने पेरलं.

२९ जुलै. नागपंचमी
सौ. सकाळीच बजावते, आज चिरायचं नाही, खणायचं नाही. कबूल. दहा वाजता गोविंदाची बकरी आत. डाव्या अंगाची दोन रोपं मुळापर्यंत खाल्ली. मारायचं नाही असं कुठे सांगितलंय? लेझमीचा दांडा घेतला. बकरी तीन पायांवर पळाली. गोविंदा धावत आला. "बकरीनी तुमना शायामा नाव टाकेल शे का?"
बकरीचं नाव माझ्या शाळेत! गल्लीतले लोक हसले. ते हसले नसते तर... दांडा गोविंदाच्या खांद्यावर बसला. हाडाचा आवाज ऐकू आला.

३० जुलै
गोविंदाच्या गळ्याचं हाड मोडलंय. फौजदार माझा जुना विद्यार्थी, म्हणाला मिटवून घ्या सर. मिटवलं. गोविंदा माझ्याकडे न बघता अंगठा देऊन गेला. डाव्या हाताचा. उजवा गळ्यात बांधलेला.
सौ.ने त्याच्याकडे डबा पोचवला. मला विचारलं नाही.

२१ ऑगस्ट
पाऊस उत्तम. वेल छपरावर गेली. पिवळी फुलं, पानं तळहाताएवढी. डावी बाजू अजून उघडी, तिथे बकरीचा प्रताप. उजवीकडचे फुटवे ओढून तिकडे बांधले. संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ सप्टें.
शालूची सातव्या महिन्याची ओटी. नशिराबादला गेलो. ती ओसरीवर बसली होती, माझ्याकडे डावी बाजू. फाटकातून हाक मारली. वळली नाही. तीन हाका, ड्रिलच्या आवाजात. मुद्दाम करते. विहीण म्हणाल्या, "तुमच्या लेकीला दोनदा हाक मारावीच लागते हो." बापाची लाज काढते सासरी! हात शिवशिवला, पण ओटीचा दिवस होता.
जेवताना विचारलं तिने, खाली बघून. "शेडचं काय केलंत?"
म्हटलं, "बंदोबस्त केलाय मी त्याचा. काळजी नको."
तिचा चेहरा जरा सैल पडला. काय समजली ते मला कळलं. मी दुरुस्त केलं नाही.

५ ऑक्टो.
जावई शालूला पोचवून गेले. मोटारीतून उतरल्यावर ती हातपाय न धुता थेट परसात गेली. मी मागे. शेडचा एक पत्रा दिसत नव्हता, नुसतं हिरवं. दार तेवढं मोकळं ठेवलंय, फावडी काढायला.
"झाकलीत." एवढंच बोलली.
सौ.ने गिलक्याची भाजी केली होती. शालूने वाटी बाजूला सारली.
ट्रंक उघडलेली नाही.

७ ऑक्टो.
ऊन कडक. वेलीची पानं लोंबताहेत. दोन हंडे पाणी घातलं.

८ ऑक्टो.
पाण्याचा प्रश्न नव्हता. बुंधे कापलेत. सगळेच, जमिनीपासून चार बोटांवर, विळ्याने. पहिला गोविंदा आठवला. दांडा घेऊन कुंपणापर्यंत गेलो. मागून आवाज, "त्याला कशाला? मी कापल्या."
शालू ओट्यावर. पोट पुढे, हात कमरेवर.
एकशेदहा दिवस खपलो मी. फोड, मांडव, पाणी. दांडा टाकला पण हात वर गेला. ते मला कळलं नाही, कधी गेला. सौ. मध्ये येऊन उभी राहिली, तिच्या हातात तोच विळा होता. "आज तिले हात लावा, मंग दखा."
शालूने आईला बाजूला केलं. रडत नव्हती. हिशेबाने बोलावं तसं बोलली. "आबा, मारायचं तर डावीकडे मारा. उजवा एकच राहिलाय."
समजलं नाही. म्हणजे, लगेच समजलं नाही.
"त्या दिवसापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही मला. आईला माहीत आहे."
सौ.कडे बघितलं. ती म्हणाली, "तुमले कोन सांगी?"
खरंच, कोण सांगणार होतं?
तीन हाका मारल्या होत्या मी.

९ ऑक्टो.
पहाटे पहार आणि पक्कड काढली. वेल वाळली आहे, काथ्यासारखी हातात येते. खिळे गंजलेत, मीच ठोकलेले, मलाच निघेनात. एक पत्रा सुटताना दंडावर घसरला, लांब चिरलं. हळद दाबली. सौ. आली नाही.
दुपारी पत्रे तापले तरी थांबलो नाही. हातमोजे नाहीत. घालायचेही नव्हते.
गोविंदा कुंपणाशी उभा होता, हात अजून गळ्यात बांधलेला. मी काहीतरी बोलायला गेलो. तो आत निघून गेला.
शालू ओट्यावर येऊन बसली. उजवी बाजू माझ्याकडे करून. विचारलं, "किती राहिले?"
"आठ."
"उद्या दुपारी दोनला नशिराबादची मोटार आहे," म्हणाली आणि आत गेली.
ट्रंक दाराशीच आहे. अंधार पडेपर्यंत अजून एक निघाला. सात.