चाळीस माणसांचं दालन

प्रिय बाबा,

दालन आहे. आधी एवढंच वाच, चष्मा पुसून पुन्हा वाच आणि मग पुढे जा. शनिवारी दुपारी दोन वाजता मी त्यात उभी होते. सोबत आमच्या गुहा धुंडाळणाऱ्या क्लबातली दाताची डॉक्टर आणि तिचा भाऊ होता, म्हणजे साक्षीदारही आहेत.

शंभर माणसं बसतील, असं तू सांगायचास. मी टेप लावली. जमीनमोजणीत वीस वर्षं घालवलेल्या बाईला राहवतं होय? चाळीस बसतील, तीही मांडीला मांडी लावून. एवढी एकच थाप सापडली; बाकी शब्दन् शब्द खरा. छताला तुझी ती झुंबरं, म्हणजे काडीएवढ्या बारीक, पांढऱ्या दगडी नळ्या लटकताहेत, हजारोंनी, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब. डावीकडे तो दगडाचा पडदा, दुधी-तपकिरी पट्ट्यांचा. डॉक्टरनं त्याच्यामागे दिवा धरला तर अख्खा पडदा आतून उजळला. एरवी जिचं तोंड मिटत नाही ती बाई नुसतं "अगं बाई!" म्हणाली.

काकाला आता काय म्हणायचं ते मीच म्हणेन. तू गॅरेजमधून येऊन हात धुवायला लागलास की तो विचारायचा, "काय रे, आज झुंबरं पुसून आलास का?" सगळे हसायचे. तूही हसायचास. मीही हसायचे, बाबा. वास्तविक मला एकटीलाच हसायचा हक्क नव्हता.

अकरा वर्षांची होते मी. दालनाचा फोटो काढून सगळ्यांना दाखवायचा म्हणून तू उसना कॅमेरा गळ्यात अडकवून मला त्या गुहेत घेऊन गेलास. दालनाआधीची ती अरुंद फट आली, तू कमरेपर्यंत आत शिरलास आणि मला फक्त तुझे बूट दिसायला लागले. डोंगर तुला गिळतोय असंच वाटलं मला. तुझा घोटा धरून मी जी किंचाळले! पाच मिनिटं थांब, असं ओरडून तू पुढे गेला असतास तर फोटो मिळाला असता. पण तू इंचाइंचानं मागे सरकलास, सदरा फाडून घेतलास, मला मांडीवर घेतलंस आणि म्हणालास, "बारके, दालन कुठं पळून जातंय?" घरी सांगितलंस की बॅटरी संपली. पुढच्या वर्षी गाडीखाली तुझा गुडघा गेला, आणि मग जाणं राहिलंच. थापाड्या हे नाव मात्र कायमचं चिकटलं.

परवा त्याच फटीत शिरले. हेल्मेट काढलं, गाल दगडाला टेकवला, श्वास सोडला आणि सरकले. भीती वाटली का? वाटली की. पण गेले.

पलीकडे पांढऱ्या चिखलात पावलं उमटलेली आहेत. अनवाणी. पांढरी जमीन मळू नये म्हणून तू बूट काढून चालला होतास, हे इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीस. डाव्या पावलाला चारच बोटं, तुझ्यासारखी. मी खाली बसून पोटभर रडले आणि मग आम्ही तिघांनीही बूट काढले.

फोनवर हे सांगितलं असतं तर "असू दे गं" म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून पत्र. नकाशा काढून झालाय. 'प्रथम कोणी पाहिलं' या रकान्यात क्लबवाले माझं नाव घालणार होते; मी तुझं घातलंय, तू ते पाहिलंस त्या वर्षासकट. खाली एक पानही जोडलंय, फोटो का निघाला नाही याचं. किंचाळण्यासकट सगळं. येत्या रविवारी क्लबात मी ते सगळ्यांसमोर वाचणार आहे. काकालाही बोलावलंय, पहिल्या रांगेत बसवणार आहे. तू नको म्हणशील, म्हणून विचारत नाहीये, कळवतेय. दहाला गाडी घेऊन येते. दाढी करून तयार राहा.

तुझीच,
बारकी