खामकाठचा पिवळा पट्टा

४ जानेवारी १९८८
खाम नदीच्या काठाचा नगररचनेचा सर्व्हे माझ्याकडं आला. छावणीच्या बाजूचे एकशे बारा प्लॉट. कारखाना असेल तर नकाशात जांभळा रंग, राहती घरं असतील तर पिवळा. पिवळ्यात कारखान्याचं लायसन रिन्यू होत नाही. संकल्प: घरं आणि कारखाने, कुणावरही अन्याय न होता समतोल साधायचा. चौथीपर्यंत वडिलांनी, आण्णांनी, मला घरीच शिकवलं. खोटं लिहायचं नाही आणि रंग रेघेबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढं पक्कं बसलंय.

११ जानेवारी
प्लॉट सत्तेचाळीस. गयासभाईंची शेड. फुलंब्रीकडच्या विहिरींच्या मोटारी इथं वाइंडिंगला येतात. कडूबा नावाचा शेतकरी जळालेल्या मोटारीला टेकून बसला होता. म्हणाला, ताई, लई नीट मोजा, गयासभाई उठला तर आमचं पाणी बी उठलं. निर्धास्त राहा म्हटलं.
गयासभाईंच्या बायकोनं, शहजादीभाभींनी, चहा दिला. घर उस्मानपुऱ्यात, पण तांब्याची तार चोरीला जाते म्हणून सगळे शेडमध्येच झोपतात. फॉर्ममध्ये रकाना चौदा: रात्री मुक्काम, होय की नाही. भाभी म्हणाल्या, नक्को लिखो बाजी, सोने को नई आते, तार संभालने आते. मी समजावलं, खरी नोंदच तुमचं रक्षण करेल. 'होय' लिहिलं. कारणाला रकाना नाही, म्हणून तळटीप जोडली. दीड पान.

१२ जानेवारी, सकाळी सहा
झोप नाही. तळटीपेत 'बहुधा' राहिला होता. ऑफिसात जाऊन आधी तो खोडायचा. मग काळजी नाही.

२५ जानेवारी
नानासाहेब, आमचे हेड ड्राफ्ट्समन, म्हणाले, तक्त्यात फक्त रकाने टाइप होतात, तुमची कादंबरी कुठं बसवू? म्हटलं, फायलीत आहे ना. फायलीतलं कुठं जातं? उगाच घाबरवतात.

१९ फेब्रुवारी
मसुदा नकाशा लागला. सत्तेचाळीस पिवळा. मुक्काम म्हणजे वस्ती, म्हणे. शेजारी नदी दिसणारे फ्लॅट होणार आहेत. बिल्डर काकासाहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. मी खाल्ला नाही.
अर्धा खाल्ला.

२ मार्च
गयासभाई हरकत लिहून द्या म्हणाले. सर्व्हे माझा आणि हरकतही माझीच, हे बरं दिसत नाही. नाही म्हटलं. पण सुनावणीत सगळं खरं सांगेन, असा शब्द दिला. त्यांना धीर आला असावा. कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला.

७ एप्रिल
सुनावणी. काल आरशासमोर चार वेळा बोलून पाहिलं होतं. साहेबांनी एवढंच विचारलं: रात्री मुक्काम असतो? होय की नाही? होय म्हटलं. तळटीपेवर येईपर्यंत अठ्ठेचाळीसचा पुकारा झाला.
बाहेर शहजादीभाभी म्हणाल्या, चोरां तो तार लेके जाते थे बाजी, तुमे तो शेडच लेके गए.
रागात होत्या. शांत झाल्या की पटेल त्यांना.

१८ एप्रिल
लायसन रिन्यू झालं नाही. शेडला कुलूप. कडूबा मोटार खांद्यावर घेऊन परत निघाला होता. मी रस्ता ओलांडला. ऊन होतं.

२ मे
अंतिम नकाशा. एकशे बारापैकी जांभळे नऊ. माझा हात स्वच्छ म्हणून रंगवायला मलाच दिला. सत्तेचाळीस भरला. पिवळा रेघेबाहेर कुठंही गेला नाही.