एक थाप माफ

मी, खाली सही करणारी, एका प्रकाशन संस्थेत लोकांची हस्तलिखितं तपासण्यात उभी हयात घालवलेली बाई, डोकं ताळ्यावर असताना आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ताळ्यावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. भावाचं मत वेगळं पडेल, ते धरू नये.

१. ‘इतिहास वेगळा घडला असता तर’ अशा कादंबऱ्या माझ्या टेबलावर येत. त्यांना माझा नियम एकच: एक थाप माफ. जिथे इतिहास वळवला, त्या पानाला मी टाचणी लावत असे. हरलेली लढाई जिंकवा, मेलेला राजा जगवा, माझी हरकत नाही. त्यापुढे मात्र माणसांनी माणसांसारखंच वागलं पाहिजे. टाचण्यांची डबी संस्थेला.

२. लाल पेन्सिली त्या लेखकाला, ज्याच्या कादंबरीत नायकाचं भाषण ऐकून शत्रूचं अख्खं सैन्य फितूर झालं. आमच्या मालकांचं भाषण ऐकून शिपाई खुर्चीवरून उठतसुद्धा नसे. तरी मालकांनी ती माझ्या नाकावर टिच्चून छापली. गठ्ठे अजून गोदामात आहेत.

३. बँकेतली ठेव भावाला. त्याने ती घ्यावी आणि घराबद्दल तोंड उघडू नये.

४. राहतं घर धाकट्या बहिणीला. तिचीही कादंबरी माझ्या टेबलावर आली. तीत तहाचा खलिता नेणारी, खऱ्या इतिहासात बुडालेली नाव किनाऱ्याला लागते. तिथे मी टाचणी लावली. पण नवव्या प्रकरणात थोरली राणी जन्माचं वैर असलेल्या धाकटीला किल्ल्याचा दरवाजा उघडते. का, ते लिहिलेलंच नाही. मी म्हटलं, “कारण दाखव.”

“माणसं कधी कधी उगाचच चांगली वागतात गं, ताई.”

“माझ्या टेबलावर नाही वागत.”

बाड उचलून ती जी गेली, ती पुन्हा या घराची पायरी चढली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी इस्पितळात होते. जाग आली तर ती उशाशी बसून माझा चष्मा पुसत होती. मी डोळे उघडलेले पाहून तिने चष्मा ठेवला आणि निघून गेली. का आली होती, ते मला आजही ठाऊक नाही. पण घडलेल्या गोष्टीला कारण लागत नाही, लिहिलेल्या गोष्टीला लागतं. नवव्या प्रकरणावरचा माझा निकाल कायम आहे.

हे कलमही लिहिलेलं आहे, तेव्हा कारण देते. मला तिची फार आठवण येते.

एवढ्यावर तिचा विश्वास बसणार नाही, शिकवण माझीच. म्हणून घराची किल्ली आजच पाठवली आहे. मी असतानाच आली, तर समोरासमोर बसून भांडता येईल.

सही: तिची ताई

साक्षीदार: डॉक्टरीणबाई, समोरचा शिंपी (किल्ली यानेच पोचवली)

स्थळ: मधली खोली, दार उघडं ठेवून

दिनांक: किल्ली पाठवली तोच