गॅलनला तेरा मैल

१४ ऑक्टोबर १९५९, बुधवार
पेट्रोल पंपावरचा माणूस आज मला बघून उठून उभा राहिला. न सांगता काच पुसली, घरची खुशाली विचारली. तीन दिवसांत तीन खेपा झाल्या की असा घरोबा होतो. माझ्यासारख्या अलिप्त माणसाला ही सलगी फार जड जाते.

ऑगस्टमध्ये एका इंग्रज साहेबाकडून गाडी घेतली, तेव्हा गॅलनला अठ्ठावीस मैल देत होती. दसऱ्यापासून तेरा. शिवाय उभ्या जागी थरथरते, मागून काळा धूर. वीस वर्षांची आहे. पण दोष तिचा नाही, मद्रासच्या खाऱ्या हवेचा. संकल्प: रविवारी रोगनिदान. मेकॅनिकची गरज नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार
साहेबाने दिलेलं हँडबुक वाचलं. ‘थंड इंजिन सुरू करणे’ हे प्रकरण सोडलं. मद्रासला थंड काय असतं? प्लग काढले. काजळासारखे काळे. पुसून बसवले. एक नट उरला. कंपनीने जादा दिला असावा.

वरच्या मजल्यावरच्या हेमावती मामी खाली आल्या. म्हणाल्या, पांढरं पातळ वाळत घातलं होतं, राखाडी झालं, रंगाऱ्याचे पैसे वाचले.

विमलाचे दिवस भरत आलेत. जावई नागपूरला. मुलीला एग्मोरच्या इस्पितळात मी स्वतःच्या गाडीतून नेणार, असं त्यांना लिहून टाकलंय. सौ. म्हणते, झटकेवाल्याला, म्हणजे इथल्या टांगेवाल्याला, सांगून ठेवू. माझी मुलगी घोड्यामागे बसून बाळंतपणाला जाणार नाही.

२१ ऑक्टोबर, बुधवार
कोपऱ्यावरच्या गॅरेजातून तुकोजींना बोलावलं. फक्त दुसरं मत म्हणून. तंजावरचे मराठी; माझ्याशी बखरीतल्यासारखं बोलतात, मध्ये तमिळ पेरतात. इंजिनला कान लावून म्हणाले, पेट्रोल फार गिळते, सार, मूच्चु अडला आहे. मूच्चु म्हणजे श्वास. वैद्यच म्हणायचे.

मग आत डोकावून म्हणाले, सार, ही माळ...

दसऱ्याला मी झेंडूची माळ बांधली आहे. एक टोक वरच्या आरशाला, दुसरं खाली ‘सी’ अक्षराच्या घुंडीला. घुंडी बिनकामाची, साहेब सिगार ओढायचा, त्यासाठी असणार. सुतळी मस्त ताणून बांधली. इथले लोक फुलं सुकली की काढतात. आमच्या घराण्यात दसऱ्याची माळ पुढच्या दसऱ्यापर्यंत हलत नाही. तुकोजींना बजावलं, फुलांचं सोडा, इंजिनचं बोला. माळेत दोष निघाला तर तुमची कॉफी मी माझ्या हाताने करून आणीन. ते म्हणाले, देवाची माळ, मी कैसा हात लावू, आपणच सोडा.

सोडली नाही.

२४ ऑक्टोबर, शनिवार
रंगीत तालीम. घर ते एग्मोर. वाटेत तीनदा बंद. पंचावन्न मिनिटं. सौ. म्हणाली, चालत चाळीस लागतात. गाडी तापायला वेळ घेते, इतकंच. संकल्प: रोज सकाळी इंजिन अर्धा तास चालू ठेवणे.

२५ ऑक्टोबर, रविवार
अर्धा तास चालू ठेवलं. पेट्रोल संपलं. डबा घेऊन पंपापर्यंत चालत. त्या माणसाने बसायला स्टूल दिलं.

२७ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी ९.४०
विमलाला कळा सुरू. गाडी दारात. वेळेचा हिशोब असावा म्हणून लिहून ठेवतो. निघालो.

दुपारी ३
निघालो नाही.

गाडीसमोर उभं राहून हँडल मारून तळहात सोलले. पेट्रोलचा नुसता वास. विमला मागच्या सीटवर पदर दातांत धरून. म्हणाली, बाबा, राहू दे. मी म्हटलं, एकदाच. असं सात वेळा म्हटलं. तोवर हेमावती मामी झटका घेऊन आल्या. त्यांनी आणि सौ.ने तिला धरून उतरवलं. झटका वळला तरी मी हँडल मारतच होतो. मग धावत सुटलो.

पोचलो तेव्हा नात झाली होती. नाळ गळ्याभोवती होती. नर्स म्हणाली, आणखी दहा मिनिटं रस्त्यात गेली असती, तर मूल हाती लागलं नसतं. सौ. माझ्याशी बोलली नाही. विमला बोलली, ते जास्त लागलं. तिने विचारलं, गाडी सुरू झाली का, बाबा?

२८ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी माळ कात्रीने कापली. घुंडी अर्धा इंच बाहेर आलेली होती. दाबल्यावर टक् करून आत गेली. प्लग पुसले. दुसऱ्या हँडलला इंजिन सुरू. शिवणयंत्रासारखं. धूर नाही.

सोडलेलं प्रकरण वाचलं. सी म्हणजे चोक. ओढला की इंजिनची हवा अडते. चित्रसुद्धा आहे.

मूच्चु.

जावयांना पत्र: मुलगी झाली, दोघी सुखरूप. वाहनाबद्दल लिहिलं नाही.

सौ. इस्पितळातच. स्टोव्हला पाच काड्या लागल्या, दूध एकदा उतू गेलं. पितळी टंबलरमध्ये कॉफी घेतली, वर बशी झाकली आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. गाडी काढली नाही. तुकोजींनी टंबलर घेतला. उभ्याउभ्या सगळी प्यायले, टंबलर विसळून माझ्या हातात दिला.

साखर घालायची राहिली होती, हे घरी आल्यावर कळलं.